खानदेशचा अभ्यास कुठे बसून करायचा?

चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, साधारण १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या आणि घराण्यातल्या इतरांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्यानं इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं आणि पुढे त्याच्या भावानं, हेमाडिदेवानं, मठाला दानं दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पैशाचा विषय निघाला की मात्र मजकूर मराठीत येतो, कारण तो भाग बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिलेला आहे. ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या, जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. इथे जे मापायचं ते मठाच्या मापानं मापायचं आणि मापाईतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

विद्यापीठात खानदेशच्या प्रदेश-अभ्यासाचं, म्हणजे एका प्रदेशाची भाषा, इतिहास आणि समाज एकत्र अभ्यासण्याचं, केंद्र काढू पाहणाऱ्यांनी हा लेख आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं. कोणत्या ग्रंथांचा अभ्यास करायचा, कुणी करायचा आणि त्याला रोजचा पैसा कुठून येणार, तिन्ही गोष्टी दगडावर ठरवून दिलेल्या आहेत. इमारतीच्या उद्‌घाटनाला कोण आलं होतं हे तिथे कुठेही कोरलेलं नाही.

प्रदेश-अभ्यास ही आधुनिक विद्याशाखा मात्र सत्तेच्या गरजेतून वाढली. लंडनला १९१६ साली प्राच्यविद्येची शाळा स्थापन झाली ती साम्राज्याच्या कारभाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना पूर्वेच्या भाषा याव्यात म्हणून. रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि १९५८ साली अमेरिकेनं कायदा करून आपल्या विद्यापीठांना परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासासाठी पैसा दिला. त्याच सुमाराचा पीएल-४८०, म्हणजे अमेरिकेचं धान्य रुपयांत विकत घेऊ देणारा अमेरिकी कायदा, आपल्याकडच्या जुन्या माणसांना मिलोच्या (अमेरिकी ज्वारीच्या) आणि लाल गव्हाच्या रेशनमुळे आठवतो. त्या धान्याचे पैसे भारतात रुपयांत साठले. १९६२ पासून त्यातून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं आणि नियतकालिकं खरेदी करून तिथल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीही त्यात होती. म्हणून त्या काळातली कितीतरी मराठी पुस्तकं शिकागोच्या ग्रंथालयात क्रमांक लावून नीट उभी आहेत, आणि आपल्या तालुक्याच्या वाचनालयांतून तीच जागेअभावी रद्दीत गेलेली असतात. हेतू त्यांचा असेल, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. त्यांनी निवड करत बसण्याऐवजी सातत्यानं घेतलं, आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद केली.

भारतातही १९६०च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रदेश-अभ्यास केंद्रांना बळ दिलं. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचं केंद्र १९७१ मध्ये आलं. ही केंद्रं दुसऱ्यांच्या प्रदेशांसाठी होती. आपल्याच प्रदेशासाठी संस्था काढायची तर उद्देश बदलतो, कारण अभ्यास करणारा आणि ज्याचा अभ्यास चालला आहे तो एकाच एसटीत बसलेले असतात. जमवलेलं ज्ञान संध्याकाळपर्यंत त्या माणसाला परत करता आलं पाहिजे, ही अट इथे पहिल्या दिवसापासून लागू होते.

खानदेशाची हद्द आखतानाच पहिली अडचण येते. फारुकी सुलतानांचा खानदेश (१३८२ ते १६०१) थाळनेर, बुऱ्हाणपूर आणि अशीरगडाच्या भोवती होता. १८१८ मध्ये इंग्रजांकडे आलेला खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा दुभागला. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. बागलाण, कळवण आणि मालेगावच्या खेड्यांत अहिराणी बोलतात, पण जिल्हा नाशिक. नवापूरच्या पलीकडे गुजरात लागतो, तरी नातीगोती आणि बाजार तुटत नाहीत. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचं आहे. महाविद्यालयांच्या संलग्नतेसाठी ते ठीक. संशोधन त्याच रेषेवर थांबलं तर फारुकींची राजधानी वगळून फारुकींचा इतिहास लिहावा लागेल.

कागदही असेच विखुरलेले. फारसी शिलालेख थाळनेर-बुऱ्हाणपुराकडे, पेशवाईतलं दप्तर पुण्यात, इंग्रजी महसुली पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि काही लंडनला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. तिचा अभ्यास करायचा तर कागद मुंबईत शोधायचे आणि आठवणी सातपुड्यात. म्हणून केंद्राचं पहिलं काम ‘कुठे काय आहे’ याची एकच यादी करणं. मूळ कागद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्यावा. पहिल्या वर्षी संग्रहालयाची घाई केली की घरोघरचे लोक दप्तर दडवतात, आणि तेही बरोबरच आहे. नेलेला कागद परत न आल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात.

या कामाला खानदेशात पूर्वज आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे जमलेल्या माणसांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ काढलं. राजवाड्यांनी पायपीट करून मिळवलेली दप्तरं तिथे आली, ‘संशोधक’ हे नियतकालिक निघालं. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं मठामठांतून जमवून वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहात आणली. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. शिष्यवृत्ती देऊन देशभरातले अभ्यासक तालुक्याच्या गावात राहायला आणले, तिथून इंग्रजी त्रैमासिक काढलं. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे संचालक होते. खानदेशात मोठं संशोधन होत नाही असं म्हणणाऱ्यांना अमळनेर हे पुरेसं उत्तर आहे. पण एका उदार माणसाच्या आणि एका गिरणीच्या आधारावर उभी असलेली संस्था पुढच्या पिढीत कशी अशक्त होते हेही तिथेच समजून घ्यावं लागतं. विद्यापीठानं या जुन्या संस्थांशी स्पर्धा करू नये. त्यांची सूची छापायला, त्यांच्या रुमालांना (कागदांच्या गठ्ठ्यांना) नवं कापड घ्यायला आणि त्यांच्याकडे एक पगारी माणूस बसवायला पैसे द्यावेत.

आता प्रत्यक्ष काम. मोडी कागदांचा गठ्ठा, म्हणजे रुमाल, उघडला की आधी आहे त्या क्रमानं कागदांवर मऊ पेन्सिलीनं अनुक्रमांक घालायचा. विषयवार लावण्याचा मोह पहिल्याच दिवशी होतो आणि तिथेच नुकसान होतं. कोणता कागद कुणाशेजारी होता हीच पुष्कळदा त्याची एकमेव ओळख असते. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत. दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मग सैल करायच्या. सेलोटेप आणि लॅमिनेशन पूर्ण बंद. टेपचा गोंद दहा-वीस वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि लॅमिनेशन पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीची पातळ लापशी एवढंच वापरावं. कसर लागलेला गठ्ठा हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवला की किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर दंव धरतं.

खानदेशचा उन्हाळा हा या कामातला वेगळाच विषय. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, कागद कोरडा होऊन घडीवर तुटतो, आणि लगेच जुलैत बुरशी. यावर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्र बसवतात आणि कार्यालय सुटताना बंद करतात. दिवसा २४ अंश, रात्री ३८, पुन्हा सकाळी २४. या रोजच्या चढउतारानं कागदाचे तंतू आकुंचन-प्रसरण पावतात आणि झिजतात. यंत्र चोवीस तास चालवणं परवडत नसेल तर न लावलेलं बरं. स्लॅबखालचा वरचा मजला टाळावा, मधली, जाड भिंतींची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली घ्यावी. लोखंडी मांडण्या भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. वाळवी भिंतीतूनच येते.

छायाप्रती करताना लोक यंत्राच्या किमतीचा विचार करतात आणि साठवणीचा विसरतात. ए-४ आकाराचा कागद ४०० डीपीआयला रंगीत घेतला तर न आवळलेली टिफ फाइल सुमारे ४६ एमबीची होते. एक लाख पानं म्हणजे साडेचार टीबीहून जास्त. तीन प्रती हव्यातच, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावी. म्हणजे १४ टीबी. घड्या उलगडत, मागची बाजू घेत एक माणूस दिवसाला दोन-तीनशे प्रतिमांच्या पुढे जात नाही. गेला तर तपासून पाहावं, कडेची ओळ बहुधा कापली गेलेली असते. आणि दरवर्षी चेकसम (फाइल बिघडली का ते सांगणारा आकडा) पडताळला नाही तर हार्ड डिस्क कधी गेली हे ती लागते त्या दिवशीच कळतं.

मोडी वाचता येणं ही अर्धीच तयारी. कागदावरचं साल सुहूर सनात असतं, अरबी संख्याशब्दांत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होत असल्यामुळे जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. सितैन म्हणजे ६० आणि तिसैन म्हणजे ९०. कारकुनाच्या घाईच्या अक्षरात ही दोन्ही सारखी दिसतात, आणि पानिपतच्या सुमाराचा कागद खर्ड्याच्या लढाईच्या सुमाराला जाऊन बसतो. म्हणून साल लावणाऱ्यानं वार आणि चंद्राची (हिजरी महिन्याची) तारीखही पडताळावी आणि सूचीत मूळ शब्द व इसवी सन दोन्ही लिहावेत. नुसता इसवी सन लिहिला तर पुढच्याला चूक पकडता येत नाही.

बोलींचं काम याहून नाजूक. तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ७९ लाख होती. त्या जनगणनेत देशभरात खानदेशी (म्हणजे मुख्यतः अहिराणी) ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार निघाले. २००१ मध्ये ते २० लाख ७५ हजार होते. जॉर्ज ग्रियर्सन या भाषाशास्त्रज्ञानं भारताच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ मधल्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींच्या बरोबर ठेवलं होतं. त्याचं साहित्य मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आलं. बायबलमधली एकच गोष्ट ठिकठिकाणी भाषांतर करून मागवलेली. काम प्रचंडच आहे, पण लिहून आणलेल्या भाषांतरात बोलणं कमी आणि कारकुनाचं व्याकरण जास्त उतरतं. आज आपल्याला साक्री-बागलाणची अहिराणी, यावल-रावेरकडची लेवा गणबोली, शहादा-तळोद्याची गुजरी, धडगावची पावरी, नवापूरची मावची, चाळीसगावच्या तांड्यांवरची बंजारा, सगळ्यांचा आवाज हवा आहे, आणि तो बोलत्या माणसाचा हवा आहे.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये करावं. एका वाहिनीचा तास सुमारे ५२० एमबी होतो. एमपी३ मध्ये घेतलेला आवाज ऐकायला ठीक, उच्चार मोजायला भरवशाचा नाही. माइक कपड्याला लावावा, पंखा बंद करावा, पत्र्याच्या खोलीपेक्षा ओटा बरा. विचारणारा मराठीतून बोलला की समोरची बाई मराठीतूनच उत्तर देते. म्हणून विचारणारा त्याच बोलीतला असावा आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं पिकापाण्याच्या गप्पांवर सोडून द्यावीत. बोलणाऱ्याचं गाव लिहिताना बाईचं माहेर लिहिलं नाही तर सगळा नकाशा चुकतो. अमळनेरची म्हणून नोंदलेली साठ वर्षांची आजी शिरपूरला वाढलेली असते. एका तासाच्या मुद्रणाचं लिप्यंतर आणि मराठी अर्थ लिहायला वीस-तीस तास लागतात. अर्थसंकल्पात हाच खर्च नसतो, आणि म्हणून कितीतरी प्रकल्पांचे आवाज न ऐकलेलेच पडून राहतात.

या कामाचं वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवर बसत नाही. झोक्यावरची गाणी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाई देवीची श्रावणात, आदिवासींचा भोंगऱ्या बाजार होळीच्या तोंडावर. नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा असतात किंवा उन्हाळी सुट्टी. संशोधकाला तेव्हा कर्तव्यरजा देणारा नियम आधी करून घ्यावा, यंत्रखरेदी मागाहून. काही गाणी, विशेषतः देवाची आणि मयताची, सगळ्यांनी ऐकायची नसतात. ती कुणाला ऐकवायची हे गाणाऱ्यानं सांगावं आणि संमती त्याच बोलीत, आवाजातच नोंदवून घ्यावी. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्याची ३३ गावं बाधित झाली. नदीकाठाच्या प्रत्येक खडकाला, वळणाला आणि ओढ्याला नाव होतं. ती नावं ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसं आता म्हातारी आहेत. माझ्या मते केंद्राच्या कामाच्या क्रमात हे सर्वांत वर हवं, चर्चासत्राच्या तर कितीतरी आधी.

वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एका खोलीत का बसायचं, याचं उत्तर मला पांझरेकाठच्या फड सिंचनात दिसतं. नदीवर ओळीनं दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, जादा पाणी परत नदीत सोडणारे सांडम, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार फड, म्हणजे भाग. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बागायत येते. पाण्यावर नेमणूक गावाची: पाटकरी, हवालदार, जागल्या, बारेकरी. शेताला पाणी बारेकरी देतो, शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. शेकडो वर्षं चाललेली ही रचना एकट्या अभियंत्याला कळत नाही, कारण बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे हक्क आणि इनामं मोडी कागदांत आहेत. एकट्या इतिहासकाराला पाटाचा उतार मोजता येत नाही. पाळी कशी लागते हे अहिराणीतून विचारावं लागतं, आणि कुणाची जमीन फडाबाहेर राहिली हे समाजशास्त्राच्या माणसानं गटवार नकाशा घेऊन शोधावं लागतं. वरच्या अंगाला धरणं झाली, काठच्या विहिरींवर मोटारी बसल्या, नदीचा उन्हाळी प्रवाह आटला आणि बरेच फड मोडले. ते का मोडले याचं नेमकं उत्तर पुढच्या पाणीवाटप संस्थेला उपयोगी पडणार आहे.

केंद्रं बंद पडतात त्याची कारणं फार गुंतागुंतीची नाहीत. संचालकपद कुणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार म्हणून असतं. प्रकल्प तीन वर्षांचा, मोडी शिकलेला मुलगा कंत्राटी. दोन वर्षांत त्याचा हात बसतो आणि तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर तोही जातो. उरलेला निधी शेवटच्या आठवड्यात संगणकांवर खर्च होतो. एखाद्या जातीचा किंवा घराण्याचा गौरवग्रंथ काढायची मागणी येते, देणगीही येते, आणि सूचीचं काम मागे पडतं. यातून वाट एकच दिसते: कमीत कमी तीन कायम जागा. अभिलेखपाल, मोडी-फारसी वाचक आणि ध्वनिसंग्रह सांभाळणारा तंत्रज्ञ. प्राध्यापक फिरते असले तरी चालेल, हे तिघे नकोत. केळी आणि कापसाच्या व्यापारात उभ्या राहिलेल्या घरांनी, सहकारी संस्थांनी मिळून एक कोटीची ठेव केली तर सात टक्क्यांनी वर्षाला सात लाख येतात. त्यात एक माणूस आणि टिश्यू-खोक्यांचा खर्च भागतो. बाकीच्या दोन जागांचा आग्रह विद्यापीठाच्या अधिसभेत धरावा लागेल, आणि तो दरवर्षी धरावा लागेल.

नंदुरबारला उपकेंद्र हवं, जळगाव धडगावच्या माणसाला लांब पडतं. जिल्ह्यात दहातले सात लोक आदिवासी, आणि वनहक्काचे दावे हा तिथल्या घराघरातला प्रश्न आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत जुनी गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे पुरावे म्हणून धरलेले आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही. म्हणजे केंद्र जे जमवणार आहे नेमकं तेच. म्हणून वाचनकक्ष रविवारी आणि बाजाराच्या दिवशी उघडा ठेवायचा. सकाळी मागितलेली नकाशाची प्रत दुपारच्या गाडीआधी हातात पडली पाहिजे, आणि तिच्यावर मूळ दप्तराचा पूर्ण क्रमांक असला पाहिजे, कारण दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे आधी तोच विचारतात.